निळं लुगडं

तुम्ही हसाल, पण ही चूक माझ्याकडून खरंच झाली होती. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. सुनांत भांडण नको म्हणून आमचे आबा मंठ्याच्या बाजारातून तिघींना एकसारखी हिरवी लुगडी आणायचे. एकदा मी बायकोसाठी गुपचूप रेवड्या आणल्या. चुलीपुढं ती पाठमोरी बसली होती, डोक्यावर पदर. मी मागूनच पुडा दिला.

"जल्दी खा. थोरल्या वैनीला दिसू देऊ नको."

"न्हाई दिसू देत, भावजी," म्हणत थोरल्या वैनीच वळल्या.

घरभर हसणं झालं. माझी बायको सरू मात्र हसली नाही. आबांपुढं तिचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. त्या दिवाळीला तिनं नवं हिरवं लुगडं त्यांच्यापुढं ठेवलं.

"मामा, मला निळं पाहिजे. मी माझ्या हातानं निवडीन."

"बिलकुल न्हाई! आज तू मागशील, उद्या सगळ्या मागतील."

"मागू द्या की. नेसायचं तर आम्हालाच हाय."

पाडव्याला ती माहेरचं विटकं लुगडं नेसून मला ओवाळायला उभी राहिली. पाहुणे आबांना विचारू लागले, सुनेला दिवाळीचं लुगडं घेतलं न्हाई का? पुढच्या बाजाराला आबा मुकाट्यानं तिला घेऊन गेले.

सरू निळं लुगडं नेसून अंगणात आली, तेव्हा तिची मान ताठ होती. मी हळूच म्हणालो, "बरं झालं. आता माझी चूक व्हायची न्हाई."

"तुमच्या चुकीसाठी न्हाई घेतलं," ती म्हणाली. "मला आवडलं म्हणून घेतलं."