टाकीतली बाटली

अहो प्लंबरदादा, तुमची शाईच खोटी असेल. नाहीतर तुमचे डोळे. फ्लशच्या टाकीत शाई टाकलीत, बटण कुणी दाबलं नाही, आणि खाली भांडं निळं? माझ्या घरात? अख्ख्या इमारतीत पाण्याला जपणारी कोण — मी. विचारा कुणालाही — नको, कुणाला विचारू नका. दार लोटा आधी. आणि हळू बोला.

ही? बाटलीच आहे. मीच ठेवली, पाणी भरून, बूच घट्ट लावून. टाकीत बाटली ठेवली की दर खेपेला तेवढं पाणी वाचतं, रेडिओवर सांगितलं होतं. चौथी शिकलेय, पण ऐकलेलं विसरत नाही मी. भाजी धुतलेलं पाणी कुंडीला, खोलीतून उठलं की दिवा बंद — म्हटलं, आपणही चार थेंब वाचवावेत — काय? आडवी पडली? रबरी झाकणाखाली अडकली? म्हणजे झाकण बसतच नव्हतं, आणि पाणी रात्रंदिवस — बाटली ठेवून दोन महिने झाले हो. दोन महिन्यांपासूनच तर गच्चीवरची टाकी दुपारी कोरडी पडतेय. आवाज तरी यावा मेल्याचा! मुकाट्यानं वाहत होतं.

हसू नका. वरच्या मजल्यावरची आहे ना, तिचा सासरा अंथरुणाला खिळलाय. रोज चादरी धुते. मला वाटलं, सापडला चोर! जिन्यात अडवली, चार माणसांत — 'नदी काय माहेराहून आणलीस का गं?' म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही, सगळेच सांगतात. ती म्हणाली, 'ताई, मोजून दोन बादल्या घेते.' मी म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा! आणि मग — मग काही नाही. झालं ते झालं.

कॉक बंद केला तिचा. झालं समाधान? गच्चीवरचे कॉक माझ्याच हातात असतात. सकाळी अर्धा तास सोडते तिला, बस. त्यात ती भरणार काय, धुणार काय? आणि काल जिन्यात वास आला, तर त्यावरूनही मीच — 'म्हाताऱ्याला आंघोळबिंघोळ घालता की नाही?' तशीच जिना चढून गेली. हिंडता-फिरता होता तेव्हा तो म्हातारा मला 'पोरी' म्हणायचा हो. पन्नाशीच्या बाईला — पोरी!

तुम्ही असं करा, कुणी विचारलं तर सांगा, पाइप जुना होता, फुटला. तुमचं काय जातंय? मी काय तोंड —

थांबा. ऐकलंत? वर बादली सरकवतेय ती. रिकामी आहे. रिकाम्या बादलीचा आवाज मला कळतो.

ती बाटली फेकू नका. द्या इकडे. पुसू नका, अशीच द्या. आधी गच्चीवर जाऊन तिचा कॉक सोडते, मग ही घेऊन तिच्या दारात — बघताय काय असे? झालं ना काम तुमचं? जा. जा म्हटलं ना.