तीन म्हणताना की तीननंतर

...सकाळी बुटांवर त्या कापडी खोळी चढवायला वाकले ना, तेव्हाच कमरेत टक्‌ झालं — आवाज नाही हो, आतल्या आत — आणि मी तशीच वाकून उभी, जमिनीवर काही हरवल्यासारखी. कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होते? शोधतेय. काय? ते ठरलं नव्हतं. — काका, मास्क काढू नका, नुसती मान हलवा, मला कळतं. ऑपरेशन छान झालंय, डॉक्टर हात धुऊन गेलेसुद्धा. पाय जागेवरच आहेत तुमचे. कमरेखाली भूल आहे म्हणून जाणवत नाहीत. आता फक्त या टेबलावरून त्या ट्रॉलीवर जायचं. दीड हात अंतर. — आई गं! काही नाही, मशीन वाजलं. रोज वाजतं, मी रोज दचकते.

तर दीड हाताला चार माणसं, असा नियम आहे. आहेत किती? मी. आणि कोपऱ्यात लिहीत बसलेत ते भूल देणारे डॉक्टर — त्यांच्या मानेला पट्टा आहे, त्यांच्याकडे आशेनं बघूसुद्धा नका. माणूस अलगद सरकवायची फळी आहे की आमच्याकडे! खराब होऊ नये म्हणून कुलपात ठेवलीय, कोऱ्या प्लास्टिकमध्ये. किल्ली ज्यांच्याकडे त्या रजेवर. का? पाठ. आणि वर ती पाटी दिसतेय — ‘गुडघे वाकवा, कंबर जपा’? इतकी उंच लावलीय की वाचताना मान मोडते. या खोलीत ती धड वाचता येते फक्त तुम्हाला.

वॉर्डात फोन केला, कुणी उचलत नाही. खालच्या मजल्यावर केला, तेच. — अजून कुठे? आहे एक नंबर. चादरींच्या स्टोअरचा. तिथे आमच्या थोरल्या सिस्टर बसतात. मग लावत का नाही म्हणता? — असं बघू नका हो माझ्याकडे.

तीन महिन्यांपूर्वी, याच टेबलापाशी, आम्ही दोघीच. पेशंट तुमच्यापेक्षा सडपातळ, राग मानू नका. सिस्टर म्हणाल्या, एक, दोन, तीन. आता तुम्हीच सांगा — तीन म्हणताना उचलायचं, की तीन म्हणून झाल्यावर? आम्हाला कॉलेजात शिकवलं, तीनवर. त्यांच्या वेळी तीननंतर. हे आधी विचारून घ्यावं, हे मात्र कुणीच शिकवलं नाही. मी तीनवर ओढलं, त्या अजून वाकलेल्याच, हात लांब पसरून — सगळा भार त्यांच्या पाठीवर. पेशंटला काही नाही झालं, तो घोरत होता. सिस्टर टेबल धरून तशाच. ‘कुणीतरी मला सरळ करा गं,’ म्हणाल्या. कुणीतरी म्हणजे कोण? मीच की. आणि मी भिंतीला चिकटलेली, पालीसारखी. — मग दुखापतीचा अर्ज आला भरायला. दुखापत कशी झाली? त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं: घरी, बादली उचलताना. बावीस वर्षं ऑपरेशनला उभी राहिलेली बाई, आता चादरींवर शिक्के मारते. सगळे म्हणतात, वय झालं त्यांचं. आणि मी? मी मान डोलावते. अगदी वेळेवर.

आज माझाही अर्ज भरला, जेवायच्या सुट्टीत. काय लिहिलं असेल? तेच. घरी, बादली. अहो, आमच्या घरी आई मला बादलीला हात लावू देत नाही! पण पेन आपोआप चाललं, जणू उत्तर छापलेलंच होतं, मी फक्त गिरवलं. तो बघा, खिशात आहे — दिला नाहीये अजून. दिला की संपलंच. मग त्यांचंही घरीच झालं, माझंही घरीच झालं, आणि इथे कुणाला कधी काही झालंच नाही.

— हो, हो, लावते. तुम्हाला गार वाजतंय, दिसतंय मला. — वाजतोय... वाजतोय... कुणी नाही वाटतं. ठेवते. — नको? बरं. खुर्चीतून उठायला वेळ लागत असेल त्यांना... — हॅलो? — सिस्टर! — हो, मीच. — नाही नाही, माणसं हवीत, चार, लगेच — पण सिस्टर, ठेवू नका, त्याआधी मला एक सांगायचंय, त्या बादलीबद्दल — काका, तुम्ही जरा तिकडे तोंड करा बरं.