सहाव्या टोपलीपाशी

बारा फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी धुकं, नवानंतर लख्ख ऊन, वारा जवळजवळ नाही — असं रोज लिहितो मी, ताई, अकरा वर्षं झाली, म्हणून तर म्हणतो, मला काय विचारता, वहीच बघा. हो, आत आहे तो माझा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. डोळ्याला लागलंय, डाव्या — नाही नाही, गाडी वगैरे नाही, बागेत. त्या मोठ्या बागेत खांबांवर लोखंडी टोपल्या लावल्यात ना, वरून साखळ्या लोंबतात, लोक त्यात कचरा टाकतात — त्याच. लांबून प्लास्टिकची चकती फेकायची, साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली पाहिजे, कमी फेकीत ज्याची पडली तो जिंकला. नऊ टोपल्या. रिकामटेकड्यांचा खेळ, बायको तेच म्हणते. चकती दिसते बशीसारखी, पण कडा — कडा फार कडक असते हो.

तर सहावी टोपली. मध्ये टेकाड, पलीकडचं काही दिसत नाही. म्हणून आमचं ठरलेलं — एकाने पुढे जायचं, साखळ्या वाजवायच्या, म्हणजे टोपली कुठेशी आहे ते कळतं, मग झाडामागे जायचं आणि तिथून ओरडायचं, 'टाक'. मगच टाकायची. तीन वर्षांत कधी चुकलो नाही. आज तो पुढे गेला, साखळ्या वाजल्या, 'टाक' म्हणाला, मी टाकली. हे काय, लिहिलंय — 'टाक ऐकलं, मग फेकली.'

डॉक्टर म्हणाले, आत बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही. आणि बायको निघालीय घरून. तिला माझं तोंडचं पटत नाही, वहीतलं पटतं — सिलिंडर कधी लावला, सासूबाई किती वाजता गेल्या, सगळं वहीतून. 'ह्यांची वही खोटं बोलत नाही,' सांगत फिरते. आता दारातच विचारणार — दादा टाक म्हणाला होता ना हो?

म्हणाला असेल. म्हणजे म्हणणारच होता. मला ऐकू कमी येतं अशातला भाग नाही, साखळ्या नीट ऐकल्या मी — एका फेकीने पुढे होतो, ताई, तीन वर्षांत पहिल्यांदा, आणि तो टेकाड चढताना चिडवत गेला, 'जावईबापू, आता हात थरथरणार तुमचा' — म्हटलं, थरथरायच्या आत टाकावी. साखळ्या वाजल्या आणि सुटली हातातून. नाही — सुटली नाही, फेकली. मग ओरडला तो. पण 'टाक' असं नाही ओरडला.

ती ओळ इथे बसून लिहिली, अर्ध्या तासापूर्वी. शाई बघा, वरच्या ओळींची काळी आहे, ही निळी — त्या केस-पेपरच्या खिडकीतल्या बाईंचं पेन मागून घेतलं. तुम्हाला कशाला सांगतोय मी हे. तुम्ही कुणाला — नाही ना?

थांबा, दार उघडलं. हो सिस्टर, मीच. त्यांच्या बहिणीचा नवरा. सांगा ना, इथेच सांगा. — हं. — हं. — बरं.

ताई, बायको येईल आता, तुम्ही जरा पलीकडच्या बाकावर बसता का. डावा डोळा गेला. उजवा चांगला आहे.