डावीकडचा बाण

मुकुंदवाडीच्या चौकात डावीकडं वळायला हिरवा बाण का नाय, असं तुम्ही मला दरवेळी विचारता. दुष्काळाच्या साली तो बसवायला मीच गेलो होतो. शिडीवर चढलो, तर खाली एक मावशी रिकामा हंडा घेऊन उभ्या.

"काय लावायलात साहेब?"

"बाण. आता डावीकडं वळणाऱ्यांना लाल दिव्याला थांबायचं काम नाय."

"पाण्याचा टँकर पण नाय थांबणार?"

"नाय."

तेवढ्यात टँकर आला आणि लाल दिव्याला थांबला. त्याची मागची तोटी गळत होती. मावशींनी तिच्याखाली हंडा धरला. दिवा हिरवा झाला, टँकर वळून गेला.

मावशींनी हंड्यात बघितलं. "साहेब, सुधारणाच करायची असंल तर लाल दिवा जरा वाढवा. हंडा गळ्यापर्यंतच भरतोय."