म्हाताऱ्याच्या वाटचा तांदूळ

नाही रे पोरा, ते आत आणू नकोस, तिथंच ओसरीवर राहू दे – म्हणजे ओसरीवरही नको, परत गाडीला बांध. तेल नको, तांदळाची गोण नको, आणि ती लाल रजई तर मुळीच नको. कचेरीनं पाठवलंय, समजलं मला, नवव्या महिन्यातल्या नवव्या दिवसाची भेट, ऐंशी पूर्ण झालेल्या म्हाताऱ्यांना – गेल्या वर्षी शेजारच्या हुआंगच्या बापाला मिळाली तेव्हा आमचा म्हातारा दोन दिवस फुरंगटून बसला होता, म्हणे मी काय एकाच वर्षानं लहान, अर्धी गोण तरी द्यायची. यंदा झाली ना त्याला ऐंशी, सातव्या महिन्यात झाली. तरी नको. आम्हाला लागत नाही. दोन माणसं, मूठभर खाणार, घरात तांदळाला किडे पडतात. तू बस, चढ चढून आलायस, पाणी पी. मी बसते – नाही, मी उभीच बरी. या शेंगा सोलायच्यात मला.

फोटो? फोटो कशाला? म्हाताऱ्याच्या हातात रजई देऊन फोटो – बरं, कचेरीला दाखवायला. तो झोपलाय. आत झोपलाय, दुपारचा डोळा लागतो त्याला, उठवलं की दिवसभर माझ्याशी बोलत नाही. थांबतोस? किती थांबणार, तुला अजून चार घरं असतील – हुश, हुश, या कोंबड्यांनी जीव नको केलाय – अरे बस खाली, आत कुठं निघालास, झोपलेल्या माणसाचा फोटो काढतात का कुणी? ऐक. खरं सांगते. तो झोपलेला नाही, तो लेकीकडे गेलाय, लान-इंगकडे, तिकडे शहरात जोडे शिवायच्या कारखान्यात आहे ती. मग झोपलाय का म्हटलं? म्हातारी झाले मी, तोंडाला येतं ते बोलते. कशानं म्हणजे, बसनं. बस बंद आहे होय, दरड पडली ना खिंडीत, तू आता सांगतोस तेव्हा आठवलं. मग त्याच्या आधी गेला असेल. गेला, आधीच गेला. काठी? हो, त्याचीच काठी. विसरून गेला. काठी नसली तर चालता येत नाही असं नाही, लेकीनं घेऊन दिली असेल तिकडे दुसरी.

काय बघतोस दाराकडे? लाल पट्ट्या होत्या, नव्या वर्षाला लावलेल्या, वाऱ्यानं गेल्या. दोन्हीकडच्या गेल्या, वारा काय एकाच बाजूनं येतो का. हे बघ पेंग – पेंगच ना तू, खालच्या गावचा, चेहरा तुझ्या आजीवर गेलाय – रजई चांगली आहे, मऊ आहे, माझ्या डोळ्याला लाल रंग सोसत नाही इतकंच. दुसऱ्या कुणाला दे. लिहून टाक की म्हातारीनं घेतलं नाही, म्हातारी तऱ्हेवाईक आहे. तसं लिहिता येत नाही? नाकारायचा रकानाच नाही? कमाल आहे तुमच्या कचेरीची. माणसानं नको म्हटलं तर ते लिहायला जागा नाही.

आता हे कशाला सांगतोस मला? पलीकडच्या खोऱ्यातल्या बाईचं माझ्याशी काय काम? असेल, तिनं नवरा मेलेला लपवला असेल, त्याच्या नावाचे पैसे दोन वर्षं उचलले असतील. म्हणजे तुला काय म्हणायचंय? म्हणून बघायला लागतं होय, समोर माणूस आहे की नाही ते. म्हणजे मी चोर. स्पष्ट बोल ना. माझ्या ओसरीवर बसून, माझं पाणी पिऊन, मी मेलेल्याचं खाणारी – अरे, खायचंच असतं तर ही गोण मी मघाशीच आत ओढली नसती का? तेल घेतलं असतं, रजई घेतली असती, तुला गोड बोलून वाटेला लावलं असतं. चोराला ते किती सोपं होतं. त्याचं पैशाचं कार्ड तिथं फडताळात आहे, जा, काढ, यंत्रात घालून बघ, गेल्या महिन्यापासून एक नाणं हललेलं नाही. तो गेला त्या दिवसापासून त्याच्या वाटच्या एका दाण्यालाही मी हात –

हे बघ, शेंगा सांडल्या.

राहू दे, तू नको वेचूस. बस तिथंच. आणि तो फोन खिशात ठेव. कुणाला करणार आहेस का? नाही ना? मग खिशात ठेव.

तेवीस दिवस झाले. आठव्या महिन्यात, सकाळी, पेज पिता पिता. मान खाली घातली ती घातलीच, मला वाटलं पेजेत काही पडलंय ते बघतोय. आता तुला पुढचंही कळलंच असेल, तू कचेरीतला, तुला काय सांगायचं. पुरायला बंदी झाल्यापासून, मेला असं कळवलं की तासाभरात तुमची पांढरी गाडी येते आणि माणूस जाळायच्या भट्टीत जातो. कळवलं नाही मी. बस. इतकाच माझा गुन्हा. आता म्हणशील इतरांचे जातात, तुझ्याच म्हाताऱ्याला काय झालं? सांगते. तो आणि त्याचा धाकटा भाऊ, तिकडे वर कोळसा पाडायचे, भट्टीवर, तरणी होती पोरं. भट्टीचं तोंड खचलं आणि भाऊ आत गेला. ह्यानं हाताला धरलं होतं त्याला. हातच राहिला ह्याच्या हातात, म्हणजे – जाऊ दे. त्यानंतर साठ वर्षं हा माणूस चुलीशी बसला नाही. थंडीत सगळं घर शेकायला बसायचं आणि हा दाराशी कुडकुडत. लग्न झालं त्या वर्षी म्हणाला, मला काही नको तुझ्याकडून, फक्त मी मेल्यावर मला जाळू देऊ नकोस. मी हसले होते. तेव्हा कुठं कुणाला जाळत होते इकडे? आता बायकोला नवरा काय काय सांगतो, सगळं कुठं पाळतो आपण. मी त्याला दारू सोडायचं वचन पाळू दिलं नाही, मीच ओतून द्यायची. पण हे पाळायचं होतं.

पेट्या होत्या आमच्याकडे, मेल्यावर निजायच्या, दोघांच्या दोन, देवदाराच्या. दरवर्षी थंडी संपली की एकेक हात काळं रोगण द्यायचा तो, वीस हात झाले होते, तोंड दिसायचं त्यात. यंदा पालवी फुटली आणि तुमची माणसं आली, पेट्या गोळा करायला – तूही होतास त्यांच्यात, मी ओळखलं तुला, यादी धरून उभा होतास. तेव्हा मी काय केलं ठाऊक आहे? माझी पेटी मी होऊन अंगणात काढून ठेवली. म्हटलं न्या, बाई, न्या, कायदा म्हणजे कायदा. तुमचे साहेब खूश. म्हणाले, बघा, या आजी किती समजूतदार. कुणी लाकडाच्या गंजीखाली बघितलंच नाही. त्याची तिथं होती. शाळेच्या मैदानावर माझी फोडली तेव्हा मी बघायला गेले होते, वीस हातांचं रोगण, एका घावात फुटत नव्हती. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण मला जाळलं तर चालेल, मला विस्तवाचं भय नाही, मी जन्मभर चुलीपुढंच बसले.

आणि रात्री-बेरात्री नाही हां नेलं, चोरासारखं. दिवसा नेलं, धुकं होतं, आठ जणांनी, वरून चहाच्या छाटणीच्या फांद्या टाकून. ढोल नाही, सनई नाही, फटाके नाहीत. घरातून निघताना मला रडू आवरेना आणि खाली रस्त्यावर तुमची भोंग्याची गाडी फिरत होती, तर हुआंगच्या बायकोनं काय करावं – तिनं आणि तिच्या दोन्ही सुनांनी त्यांचं डुक्कर धरलं, पाय बांधून आडवं पाडलं, आणि ते जे किंचाळायला लागलं, म्हणाली, रडून घे मावशी, जोवर हे ओरडतंय तोवर रडून घे. तर मी रडले. डुकराच्या आवाजात रडले. पुढं डुकराला सोडून दिलं, जिवंत आहे ते, अजून मला बघितलं की कोपऱ्यात पळतं. हसू नकोस. हस, हरकत नाही, मलाही येतं हसू, मग दुसरं काही तरी येतं.

कायदा वाईट आहे असं मी म्हणत नाही, बरं का. डोंगर भरत आले कबरींनी, चहा लावायला जागा नाही, पटतं मला. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांच्या बाबतीत अगदी पटतं. मी काही भांडखोर बाई नाही. एकच मूल म्हणाले, एक ठेवलं – दुसरं होतं पोटात, सहावा महिना होता, तरी त्यांच्या दवाखान्याच्या गाडीत जाऊन बसले. कोळशाच्या भट्ट्या बुजवा म्हणाले, बुजवल्या. भात नको चहा लावा म्हणाले, चहा लावला. जन्मभर कचेरीचं ऐकलं, एकदा नाही ऐकलं. एकदाच. आणि त्याचीच तुला वही भरायचीय.

भरशील ना? मग काय होईल तेही मला ठाऊक आहे. पलीकडच्या खोऱ्यात केलंत तुम्ही, यंत्र आणून उकरून काढलं एकाला, महिन्याचं झालेलं प्रेत, आणि तसंच नेलं भट्टीत. माझ्याकडे यंत्र आणाल तर मी त्याच्यापुढं आडवी पडेन एवढंच मला करता येईल, आणि मला उचलायला किती लागतात? एक माणूस पुरे. तू पुरेसा आहेस. तुला सवय आहे. तुझी आजी जाऊन झोपली होती ना तिच्या पेटीत, खाली अंगणात, उठेचना, तेव्हा तुलाच पाठवलं म्हणतात. नातवाचा हात धरून उठेल म्हणून. आणि उठली. हात धरला तुझा आणि उठली. आणि उन्हाळ्यात गेली तेव्हा त्या पांढऱ्या गाडीत पुढच्या बाकावर तूच –

नको बोलायला होतं मी हे. राहू दे. पोरा. तोंड जळो माझं. चहा टाकू का? मघापासून तू नुसता रजईची गाठ सोडतोस, बांधतोस.

हे काय काढलंस? कागद. वाचता येत नाही मला, तू सांग. अंथरुणाला खिळलेला असेल तर फोटो लागत नाही. अंगठा चालतो. कोण खिळलंय अंथरुणाला? तो तर – थांब. थांब जरा. म्हणजे तू लिहिणार की तो आहे. आत आहे, उठवत नाही त्याला, आणि अंगठा – माझा. तुझी नोकरी जाईल की रे. नुसती नोकरी नाही. तुला कळतंय का तू काय करतोयस? कळतंय म्हणतोस. मान हलवू नकोस नुसती. कळतंय?

पण मग तांदूळ घ्यावा लागेल मला. हो ना? अंगठा दिला म्हणजे माल घेतला. मघाशी इतकं तोंड वाजवलं मी, मेलेल्याचं खात नाही म्हणून. त्या पलीकडच्या बाईत आणि माझ्यात मग – बरं. बरं, बरं. आण तो कागद.

आणि ही शाई? लालच आहे का? काळी नाही तुझ्याकडे? निळी? नाही, तसं काही नाही. आहे तसं. घरातलं माणूस गेलं की एकोणपन्नास दिवस लालला शिवायचं नसतं, तुला माहीत असेल, तुम्ही तरी पाळलंत का आजीचं? मला काहीच पाळता आलं नाही. केसांत पांढरा धागा घालता आला नाही, लोक बघतील. दाराला पांढरा कागद लावता आला नाही, नुसत्या लाल पट्ट्या खरवडल्या. एवढंच एक होतं, कुणाला दिसत नाही म्हणून चालत होतं – मिरच्यासुद्धा तोडल्या नाहीत बघ परसातल्या, पिकून गळतायत. तेवीस दिवस. आज मोडलंच. डावा घे, त्याचा उजवा करवतीनं अर्धा गेलेला होता, कचेरीत कुठं तरी लिहिलेलं असेल. असा? दाबू अजून? झालं?

नाव नीट लिही. लाय गेनशुई. वय ऐंशी. आणि पुढच्या वर्षी एक्याऐंशी लिहिशील, परत येशील ना तू गोण घेऊन? मग ब्याऐंशी. आता त्याला मरायची सोय नाही राहिली, मी मरेपर्यंत जगायला लागणार त्याला.

ऊठ आता. तांदूळ ठेव तिथं, चुलीशी नको, दाराशी, त्याच्या जागेवर. शिजवीन मी, त्याच्या वाटीत वाढीन रोज, आणि उरेल तो हुआंगच्या डुकराला, त्याचं देणं लागतेच मी. रजई तू ने. नाही, ने, लिही मला दिली म्हणून आणि तुझ्या आईला घाल. खालच्या वाटेनं जाऊ नकोस, निसरडं आहे. वरून जा, चहातून. शेवटच्या ओळीच्या पुढं अकरा नवी रोपं दिसतील, त्यांच्यावर पाय देऊ नकोस. थांबावंसं वाटलं तर थांब थोडा, तुझ्या आजीसाठी म्हणून थांब, तिच्यापाशी थांबायला जागा नसेल तुम्हाला. कुणी बघणार नाही, धुकं उतरतंय.

वळून बघू नकोस माझ्याकडे. जा. मला हात धुवायचाय.