बांगड्या वाढवताना

मुरबाडच्या अ‍ॅक्युपंक्चरच्या दवाखान्यात मी नंबरची वाट बघत होतो. शेजारी संधिवातानं मनगटं सुजलेली एक म्हातारी होती आणि सारखा उठबस करणारा तिचा नवरा.

“डॉक्टर काय बोलले, ऐकलास ना गो? मनगटात सुया टोचायच्यात. बांगड्या काढ.”

“निघत नायत. साबन लावून झाला, तेल लावून झालं.”

“मग फोड.”

“फोड काय? वाढव म्हना. आनि कशाला वाढवू? तुमी हाव ना अजून!”

“मी हाय म्हनून तर बोलतोय. सकाळी तुला चहाचा पेला धरता येत नाय.”

“तुमी धरता ना तोंडाशी?”

“आनि मी नाय राहिलो तर?”

“बघा, पुन्ना तेच! चला घरी, आपल्या म्हसा गावची यष्टी लागली असंल.”

“बस खाली. मी येतो आत. तुझ्या समोर उभा राहतो, मग तर झालं?”

“मी डोळे मिटनार. मला बघवनार नाय.”

“मग काय करू?”

“बोलत राहा. शेवटची निघंपर्यंत गप नाय बसायचं.”

“काय बोलू?”

“काय पन. शिव्या द्या नायतर.”

दोघं आत गेली. पडद्याआड पहिली काच फुटली.

“म्हशाच्या जत्रेत,” तो घाईघाईनं म्हणाला, “आपन ती बैलजोडी घेतली, तवा तू...”

दुसरी फुटली. त्याचा आवाज बसला.

“मोठ्यानं बोला ना वो!”