बिल्ला क्रमांक तीन

पुरवणी जबाब

नाव व पत्ता: सोमवारच्या तक्रारीत लिहिल्याप्रमाणे, बदल नाही. वय: २३ वर्षे पूर्ण. शिक्षण: ग्रंथालयशास्त्रातली पदवी. धंदा: सार्वजनिक वाचनालयात सहायक.

मी आज शुक्रवारी सकाळी ठाण्यात कोणी न बोलावता आपण होऊन आले आहे आणि सांगते की,

साहेबांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: इंजिन कोणाच्या मालकीचे? याचे उत्तर मला देता येत नाही. सिलिंडर, पिस्टन आणि बॉयलर माझ्या वडिलांनी केले. मोठे चाक आणि झडपा काकांनी केल्या. खालची पट्टी वडिलांनी कापली, काकांनी घासली, ती घासणी वडिलांना पटली नाही म्हणून त्यांनी पुन्हा घासली. स्क्रू चौतीस आहेत. त्यातले कोणी कोणते केले यावर अकरा वर्षांत दोघांचे एकमत झालेले नाही. मालकाच्या रकान्यात नाव लिहिल्याशिवाय ताबा देता येत नाही हे मला समजले आहे. परंतु आज दुपारी चार वाजता वडिलांच्या डोळ्यावरची पट्टी निघणार आहे. तोपर्यंत इंजिन आमच्या शेडमध्ये असायला हवे, आणि सोबत काकाही. म्हणून सगळे पहिल्यापासून सांगते.

काका म्हणजे ज्यांच्या घरी इंजिन सापडले ते गृहस्थ. ते माझे सख्खे काका नाहीत. ते आणि माझे वडील एकाच कारखान्यात तीस वर्षे शेजारशेजारच्या लेथवर होते. केसाच्या जाडीच्या निम्म्यानेही काम इकडेतिकडे झाले तरी काका ते पुन्हा करायचे, म्हणून कारखान्यात त्यांना मायक्रॉन म्हणत. मी मायक्रॉनकाका म्हणते. निवृत्तीनंतर आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघांनी एक जुना लेथ आणून बसवला आणि वाफेवर चालणारे, दोन हातांत मावेल एवढे इंजिन करायला घेतले. ते कशासाठी, असे आईने पहिल्या वर्षी विचारले होते. वडील म्हणाले, "चालतं का बघायला." त्यानंतर आईने विचारलेले नाही.

वडिलांच्या डाव्या डोळ्याला आता फक्त उजेड कळतो. उजव्याचे ऑपरेशन गेल्या आठवड्यात झाले. धूळ नको म्हणून ते आत्याकडे राहायला गेले. गेली दोन वर्षे ते कानस मारल्यावर बोट फिरवून मोजत होते. हे त्यांनी आम्हाला सांगितले नव्हते. काकांना माहीत होते.

वडील घरी नसताना शेड आवरून ठेवावी असे मला वाटले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. शिक्षणाचा घरच्यांना काहीतरी उपयोग व्हावा अशी माझी प्रामाणिक इच्छा होती. रविवारी सकाळी आठ वाजता मी कामाला लागले. प्रत्येक हत्याराला क्रमांक दिला, चिठ्ठी चिकटवली, विषयवार कार्डे केली. कानशी एकोणीस निघाल्या, त्या लांबीप्रमाणे लावल्या. भिंतीवरच्या फळीवर हत्यारे अडकवायला खिळे आहेत. त्यातल्या काही खिळ्यांना नाण्याएवढ्या पितळी चकत्या टांगलेल्या होत्या. प्रत्येकीला भोक होते आणि प्रत्येकीवर "२" असा आकडा ठोकलेला होता. कशाचे तरी सुटे भाग असतील असे समजून मी त्या काढल्या, पॉलिशने घासून लखलखीत केल्या आणि काचेच्या बरणीत ठेवल्या. बरणीवर "किरकोळ" अशी चिठ्ठी लावली.

संध्याकाळी शेडच्या दारामागे वडिलांनी रंगाने लिहिलेली हत्यारांची यादी आहे, तिच्याशी माझी कार्डे ताडून पाहिली. मायक्रोमीटर, डायल गेज, लहान टॅपचा संच आणि आणखी चार हत्यारे, अशी सात जागेवर नव्हती. इंजिनही नव्हते. एकूण वस्तू आठ. बरणीतल्या चकत्याही आठ होत्या. पदवीपर्यंतच्या शिक्षणात मला मोजणी शिकवलेली आहे, एवढेच नमूद करते.

डोळ्यात पाणी येऊ द्यायचे नाही असे डॉक्टरांनी बजावले होते, म्हणून वडिलांना विचारले नाही. सोमवारी सकाळी दहा वाजता याच टेबलासमोर बसून अज्ञात इसमाविरुद्ध तक्रार दिली. हवालदारांनी विचारले की, शेडची चावी आणखी कोणाकडे असते? मी खरे ते सांगितले की, फक्त मायक्रॉनकाकांकडे. ते वाक्य खरे होते. सोमवारपासून मी त्याचा विचार करते आहे.

मंगळवारी दुपारी पोलीस काकांच्या घरी गेले. सातही हत्यारे आणि इंजिन स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडलेली होती. वडिलांची पट्टी निघायच्या आत झडपा बसवून इंजिन चालते करायचे म्हणून त्यांनी ते नेले होते. नेताना नेहमीप्रमाणे नेले. पुढचे संभाषण हवालदारांनीच मला सांगितले.

"हे तुमच्याकडे कसं आलं?"

"हातात धरून. बसमध्ये मांडीवर."

"विचारून आणलं का?"

"बिल्ला लावून आणलंय."

"कसला बिल्ला?"

"भिंतीवर बघा."

भिंतीवर बिल्ले नव्हते. ते माझ्या बरणीत होते. इंजिन जप्त झाले. त्याला "संशयास्पद यंत्र, नग एक" अशी चिठ्ठी लावली आहे. ते फुटेल का, असे हवालदारांनी मला तीनदा विचारले. पाणी आणि आग असल्याशिवाय ते काहीच करत नाही असे मी तिन्ही वेळा सांगितले. साहेबांनी मघाशी बोटाने चाक फिरवून पाहिले तेव्हा ते किती वेळ फिरत राहिले हे सर्वांनी पाहिलेच आहे.

बुधवारी मी आत्याकडे जाऊन वडिलांना सगळे सांगितले. ते पट्टी बांधून खुर्चीत बसले होते. त्यांनी विचारले, "तू बिल्ले काढलेस?"

"हो, बाबा."

"कारखान्यात हत्यार घ्यायचं तर आपल्या नंबरचा बिल्ला त्याच्या खिळ्यावर लावायचा. हत्यार परत आलं की बिल्ला परत. मी एक नंबर, तो दोन. तीस वर्षं तेच केलं, शेडमध्येही तेच. तुमच्या वाचनालयात पुस्तक गेलं की मागे काय ठेवता?"

"कार्ड."

"रोज ठेवतेस?"

"रोज."

"काखेत कळसा आणि पोलीस ठाण्याला वळसा," वडील म्हणाले. आत्याने चहा आणला तो तसाच राहिला. शेवटी त्यांनी विचारले, "तो काही बोलला?"

त्याच दिवशी संध्याकाळी काका आमच्याकडे आले. हत्यारे त्यांना खात्री करून पंचनाम्यावर परत मिळाली होती. त्यांनी सातही हत्यारे पिशवीतून काढून एकेक जागेवर लावली. माझ्या चिठ्ठ्यांकडे पाहिले नाही. पण मायक्रोमीटर ठेवताना म्हणाले, "हा कपाटात ठेवू नकोस, दमट असतं." मी माफी मागितली. ते म्हणाले, "अगं, तू लिहून दिलंस. शिकलेल्या माणसानं लिहावंच." आई म्हणाली, "भावजी, पोर आहे, चुकली. बसा, चहा टाकते." ते म्हणाले, "वहिनी, आज नको."

मग त्यांनी खिशातून स्वतःचे उरलेले दोन बिल्ले आणि शेडची चावी काढून कामाच्या बाकावर ठेवली. "नोकरी सोडताना बिल्ले जमा करायचे असतात," एवढे बोलून ते गेले. ते बिल्ले आणि चावी मी जमा करून घेतलेली नाहीत. ठेवली तिथेच आहेत. आईने फक्त खालची धूळ पुसली, तीही त्यांना न हलवता.

गुरुवारी मी रजा घेतली. सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. कार्डे ठेवली आहेत, ती चांगली झाली आहेत. नंतर पितळी पत्र्याचा तुकडा घेऊन चकती कापली, कानस मारली, भोक पाडले आणि तिच्यावर "३" हा आकडा ठोकला. याला पावणेतीन तास लागले. चकती गोल आहे असे शपथेवर सांगता येणार नाही. आकडाही थोडा उताणा पडला आहे. आई म्हणाली, "तुझ्या बाबांना पट्टी काढल्याबरोबर हे दाखवू नकोस."

आज सकाळी नऊ वाजता मी काकांना घेऊन इकडे यावे म्हणून त्यांच्या घरी गेले. ते आधीच ठाण्याकडे पायी निघाले होते. काकूंनी दार उघडले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात काकांचीही एक फळी आहे, आमच्या फळीच्या निम्मी. तिच्यावर दोन खिळ्यांना चकत्या लटकत होत्या आणि त्यांवर "१" असा आकडा होता. म्हणजे काकांच्या दोन वस्तू आजही वडिलांकडे आहेत. काकांनी आमच्याकडचे स्वतःचे बिल्ले सोडले, पण वडिलांचे उतरवलेले नाहीत. मी काकूंना विचारले, "हे काढायला सांगितलं नाही त्यांनी?"

काकू म्हणाल्या, "काल दोनदा फळीपुढे जाऊन उभे राहिले. मला म्हणाले, पितळ काळं पडलंय. म्हटलं, मग घासा. तर म्हणाले, राहू दे."

त्या फळीच्या तिसऱ्या खिळ्यावर लांब नळीची तेलाची बुधली टांगलेली होती. इंजिन पहिल्यांदा चालवताना प्रत्येक सांध्याला तेल द्यावे लागते. मी ती बुधली काढून घेतली आणि त्या खिळ्यावर माझा बिल्ला क्रमांक तीन लावला. मालक घरी नव्हते आणि त्यांची परवानगी मी घेतलेली नाही. काकू हजर होत्या. "न्यायची तर ने, पण यात माझं नाव येऊ देऊ नकोस," असे त्या म्हणाल्या. त्याप्रमाणे नाव लिहिलेले नाही.

माझी तक्रार माझ्या चुकीमुळे झाली. चोरी झालेली नाही. जे झाले त्याला दोन माणसांची अकरा वर्षांची रीत म्हणतात, ती मला दिसली नाही. तक्रार मागे घेते. मालकाच्या रकान्यात काय लिहायचे हा प्रश्न मात्र माझ्याकडून तसाच राहतो. तो रकाना दोघांपैकी कोणीही भरला तर दुसऱ्याची हरकत असणार नाही, आणि स्क्रूंबाबत हरकत कायम राहील, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

हा जबाब मी स्वतःच्या हाताने लिहिला. हवालदारांना चष्मा सापडला नाही म्हणून मीच तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. काका सकाळपासून दाराजवळच्या बाकावर बसलेले आहेत, त्यांनाही तो ऐकू गेला. बुधलीपर्यंत वाचून झाल्यावर त्यांनी मध्येच विचारले, "भरलेली आहे?" मी पिशवीतून काढून पाहिली. अर्धी होती. ते म्हणाले, "परत करताना भरून करायची असते. ते लिही. आणि साहेब, ताब्याचा कागद इकडे द्या, साडेतीनची बस आहे." त्यांच्या सांगण्यावरून तेवढे जोडले आहे. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे असून बरोबर आहे. बुधली माझ्या पिशवीत आहे आणि तिचा बिल्ला खिळ्यावर आहे.